आतड्यातली गाठ कॅन्सरसारखी दिसते तेव्हा: नागपुरात निदान कसं करून घ्यावं

मोठी आई काटोलहून तपासायला आली ती जानेवारीत. चार महिन्यांपासून उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली पोट दुखत होतं. वजन ९ किलोंनी उतरलं होतं. संध्याकाळ झाली की अंग कसकसायचं. धंतोलीत सीटी स्कॅन झाला. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीचा अर्थ असा होता की मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला भिंत जाड झाली आहे आणि ती कॅन्सरची असू शकते. त्याच रात्री चुलतभावानं संत्र्याची बाग विकायची भाषा काढली.

मी डॉक्टर नाही. नागपुरातल्या हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षं टेक्निशियन आहे. शरीरातून काढलेल्या तुकड्याचा मेणात ब्लॉक करायचा, त्याचे ३-४ मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे, ते काचेवर रंगवून पॅथॉलॉजिस्टच्या मायक्रोस्कोपपाशी पोचवायचे, हे माझं काम. निदान ते करतात. पण तुकडा कसा आला की निदान होतं आणि कसा आला की अडून बसतं, हे मी रोज बघते. मोठ्या आईचा आजार शेवटी आतड्याचा टीबी निघाला. ते कळायला पाच आठवडे लागले, आणि त्यातले तीन एका साध्या चुकीमुळे वाया गेले. ती चूक दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये म्हणून हे सगळं लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. ‘कॅन्सरसारखे दिसणारे साधे आजार असतात’ हे वाचून कुणी तपासणी पुढे ढकलू नका. चाळिशी-पन्नाशीच्या पुढे संडासवाटे रक्त जात असेल, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरत असेल, शौचाची सवय बदलली असेल, तर कॅन्सर आहे का हेच सगळ्यात आधी बघायला हवं. तरुण वयातही आतड्याचा कॅन्सर होतो. मूळव्याध समजून सहा-सहा महिने मलम लावत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या तुकड्यांचे ब्लॉक करताना हात जड होतो.

आधी हे बघा: थांबायला वेळ आहे का?

पोट फुगून टम्म झालं आहे, गॅससुद्धा सरत नाही, उलट्या थांबत नाहीत. किंवा पोट लाकडासारखं कडक झालं आहे. किंवा भरपूर रक्त जाऊन चक्कर येते आहे. यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट कॅज्युअल्टी गाठा. अशा वेळी ऑपरेशन आधी होतं, निदान काढलेल्या आतड्यातून नंतर होतं. नातेवाइकांनी सर्जनना एक विनंती जरूर करावी: टीबीची शंका असेल तर काढलेल्या भागातला छोटा तुकडा फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या रसायनात) न टाकता वेगळा ठेवावा. का, ते तिसऱ्या पायरीत सांगते.

पहिली पायरी: हकिगत कागदावर उतरवा

ओपीडीत डॉक्टरांना मिळतात पाच-सात मिनिटं. तेवढ्यात माणूस ‘पोट दुखते बाप्पा’ एवढंच सांगून उठतो. म्हणून घरीच एक पान लिहून न्या. त्यात तारखा हव्यात: दुखणं कधी सुरू झालं, वजन कधी किती होतं आणि आज किती आहे, ताप येतो का आणि कोणत्या वेळी.

मग असे प्रश्न, जे पेशंट आपणहून कधीच सांगत नाही:

घरात, शेजारी किंवा कामाच्या जागी कुणाला टीबी झाला होता का? पूर्वी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं का? बाईमाणूस असेल तर तांबी बसवली होती का, आणि किती वर्षांपासून? पोटदुखी, जुलाब किंवा रक्त पाळीच्या दिवसांत वाढतं का? शौचाला खूप कुंथावं लागतं का, बोट घालून मळ काढावा लागतो का? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटते, सांगायला त्याहून जास्त, पण एका आजाराचं निदान जवळपास याच उत्तरावर उभं आहे. गुडघेदुखीसाठी रोज कोणती गोळी घेता? आमांश होऊन गेला का? घराण्यात कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर कमी वयात झाला का?

या पानाची एक प्रत बायोप्सीच्या फॉर्मबरोबर लॅबलाही द्या. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी फॉर्मांवर ‘कोलॉनिक बायोप्सी’ एवढंच लिहिलेलं असतं. पाळीबरोबर दुखतं हे फॉर्मवर असेल तर पॅथॉलॉजिस्ट वेगळ्या नजरेनं काच बघतात.

दुसरी पायरी: सीटीचा रिपोर्ट नीट समजून घ्या

सीटी शंका घेतो, आजाराला नाव तुकडा देतो. ‘थिकनिंग’ म्हणजे भिंत जाड झाली, ‘स्ट्रिक्चर’ म्हणजे वाट अरुंद झाली, ‘मास’ म्हणजे गोळा. तिन्हींचा अर्थ कॅन्सर असा होत नाही, आणि कॅन्सर नाही असाही होत नाही. रिपोर्टमध्ये ‘निओप्लास्टिक’ (कॅन्सरसारख्या गाठीचं) शब्दाशेजारी ‘इन्फेक्टिव्ह’ (जंतूंमुळे झालेलं) किंवा ‘इन्फ्लमेटरी’ (सुजेचं) लिहिलेलं असेल तर रेडिओलॉजिस्टनं दोन्ही दारं उघडी ठेवली आहेत.

काही वेळा मात्र सीटीच बरंच काही सांगून जातो. चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, हे त्याचं सोपं उदाहरण. चरबीची घनता सीटीवर उणे आकड्यात येते, साधारण उणे ८० ते उणे १२०. आतड्यातली गुळगुळीत गाठ त्या आकड्यांत असेल तर ती चरबीची आहे हे तुकडा न काढताही जवळपास ठरतं. दुर्बिणीतून (म्हणजे कोलोनोस्कोपीत) तिला चिमट्यानं दाबलं की उशीसारखा खळगा पडतो. मोठ्या माणसात आतड्यात आतडं शिरलं (डॉक्टर त्याला इंटससेप्शन म्हणतात) की सगळे हादरतात, पण त्याच्या टोकाशी कधी कधी अशी लायपोमाच असते.

न्यूमॅटोसिस हा असाच एक विरळा प्रकार. आतड्याच्या भिंतीत हवेचे फुगे होतात. दुर्बिणीतून ते पॉलिपच्या (आतड्याच्या आतल्या कोंबांच्या) घोसासारखे दिसतात, पण सीटीवर आत हवा आहे हे स्पष्ट कळतं. पेशंट ठीकठाक असेल तर बहुतेक वेळा फार काही करावं लागत नाही. पेशंट गंभीर असेल, पोट प्रचंड दुखत असेल, तर हीच हवा आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची खूण असू शकते, आणि मग ती इमर्जन्सी ठरते.

सोनोग्राफी, सीटी सगळ्याची सीडी मागून घ्या. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला मूळ चित्रं बघावी लागतात.

पेट स्कॅनबद्दल लोकांच्या मनात फार मोठा गैरसमज आहे. ‘पेटमध्ये चमकलं, म्हणजे कॅन्सर’ असं नसतं. टीबीची गाठ, सूज, पू, सगळंच चमकतं. कॅन्सर पक्का झाल्यावर तो कुठवर पसरला हे बघायला पेट उपयोगी आहे. टीबी की कॅन्सर हा वाद त्यानं मिटत नाही. रक्तातल्या सीईए या प्रथिनाचंही तसंच. ते नॉर्मल असून कॅन्सर असू शकतो, आणि तंबाखू ओढणाऱ्याचं कॅन्सर नसतानाही वाढलेलं असू शकतं. सीए-१२५ हे रक्तातलं दुसरं प्रथिन तर पोटाच्या टीबीत आणि एंडोमेट्रिओसिसमध्येही (या आजाराबद्दल पुढे सांगते) चढतं. पोटात पाणी आणि वाढलेलं सीए-१२५ एवढ्यावर बायकांना अंडाशयाचा कॅन्सर सांगितला जातो आणि पुढे टीबी निघतो, हे भारतात वारंवार घडतं. पोटात पाणी असेल तर त्याची एडीए (एका एन्झाइमची) तपासणी करायला सांगा. ३९ च्या वरचा आकडा टीबीकडे बोट दाखवतो.

तिसरी पायरी: दुर्बीण, आणि दोन बाटल्या

आमच्याकडे ‘दुर्बीण टाकणे’ म्हटलं की निम्मे लोक घाबरतात, आणि ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ हे ऐकून उरलेले. दुर्बिणीतून मोठ्या आतड्याचा तुकडा घेतल्यानं कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. तुकडा न घेतल्यानं मात्र माणसं गेलेली आहेत.

तयारीचं औषध म्हणजे पावडर विरघळवलेलं दोन ते चार लिटर पाणी. अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं पहाटे घेतलं की आतडं जास्त स्वच्छ होतं. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून बंद कराव्या लागतात, त्यांनी आतडं काळं दिसतं. रक्त पातळ करणाऱ्या आणि साखरेच्या गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, स्वतः बंद करू नका. नागपुरात एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा म्हाताऱ्या माणसाला ही तयारी रिकाम्या घरात एकट्यानं करू देऊ नका. शहाळ्याचं पाणी, गाळलेलं सरबत अधूनमधून देत राहा. लाल रंगाचं काही नको, ते आत रक्तासारखं दिसतं. आणि पोट फुगत असेल, उलटी होत असेल, तर तयारीचं औषध घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. वाट बंद असलेल्या आतड्यात ते धोक्याचं ठरतं.

आता ती चूक. मोठ्या आईची दुर्बीण झाली. लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथं मिळतं तिथं जखमा दिसल्या आणि सीकमची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची, पिशवी आखडलेली होती. चार तुकडे काढले आणि चारही एकाच फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकले. त्या दिवशी मी ड्यूटीवर होते, बरोबर गेले नव्हते. रिपोर्ट आला: ‘क्रॉनिक नॉन-स्पेसिफिक इन्फ्लमेशन (जुनी सूज, कारण कळत नाही), कॅन्सर दिसत नाही.’ डॉक्टर म्हणाले, टीबी वाटतो, कल्चर करू. पण कल्चर कशाचं करणार? फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतो. त्यात पडलेल्या तुकड्यातून टीबीचा जंतू वाढवता येत नाही. सगळी तयारी, सगळी दुर्बीण पुन्हा.

म्हणून दुर्बिणीच्या आधी, टेबलवर जायच्या आधी, डॉक्टरांना इतकंच विचारा: ‘डॉक्टर, टीबीची शंका असेल तर एक बाटली सलाइनची ठेवाल का?’ कुणी रागावत नाही. पहिल्या बाटलीत फॉर्मेलिन, ती हिस्टोपॅथॉलॉजीला. दुसऱ्या बाटलीत निर्जंतुक सलाइन, ती सीबीनॅट (टीबीच्या जंतूचं जनुक शोधणारी चाचणी) आणि कल्चरला. तुकडे आठ ते दहा तरी हवेत, काही जखमेच्या काठावरून आणि काही तळातून. टीबीच्या गाठी बऱ्याचदा वरच्या थराच्या खाली असतात. वरवर चिमटा मारलेले दोन तुकडे काही सांगत नाहीत.

सलाइनची बाटली नातेवाइकांच्या हातात दिली तर ती त्याच दिवशी, तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचली पाहिजे. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवून वाटेत सीताबर्डीत काम उरकत बसू नका. थर्मासमध्ये बर्फाची पिशवी ठेवून न्या. बाटली बर्फात बुडवायची नाही, गार ठेवायची. फॉर्मेलिनच्या बाटलीला उष्णतेची एवढी भीती नाही, पण तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मेलिन हवं. बाटलीवर नाव आणि तुकडा कोणत्या जागेचा ते लिहिलेलं आहे ना, हे स्वतः बघा. ‘सीकम’ आणि ‘रेक्टम’ (गुदाशय) यांची अदलाबदल झाली तर काच कितीही चांगली रंगवली तरी उपयोग नाही.

चौथी पायरी: बायोप्सीचा रिपोर्ट

‘नेगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी’ याचा खरा अर्थ असा: आलेल्या तुकड्यांत कॅन्सर दिसला नाही. आतड्यात कॅन्सर नाही, असं त्यात लिहिलेलं नसतं. सीटी आणि दुर्बीण जोरात कॅन्सर म्हणत असतील आणि तुकडा नुसती सूज म्हणत असेल, तर पुन्हा तुकडे घ्यावे लागतात. याला चालढकल म्हणू नका, हीच योग्य पद्धत आहे.

‘ग्रॅन्युलोमा’ (सुजेच्या पेशींचा छोटा पुंजका) दिसला की टीबी की क्रोन्स (आतड्याच्या दीर्घकाळच्या सुजेचा आजार) हा प्रश्न येतो. मोठे, एकमेकांत मिसळलेले आणि मधे चीजसारखे कुजलेले ग्रॅन्युलोमा टीबीकडे झुकतात. छोटे, विरळ, न कुजलेले क्रोन्सकडे. पण दोन्ही आजारांत ग्रॅन्युलोमा अजिबात न मिळण्याचीही शक्यता असते. आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला पहिल्यांदा काचेवर दाखवली होती: कॅन्सरच्या शेजारच्या लिम्फ ग्रंथींतही ग्रॅन्युलोमा तयार होऊ शकतात. म्हणून फक्त ग्रंथीतल्या ग्रॅन्युलोमावर टीबीचा शिक्का मारून आतड्याकडे दुर्लक्ष करायचं नसतं.

कधी पॅथॉलॉजिस्ट ‘आयएचसी करावी’ असं लिहितात. म्हणजे ब्लॉकचे नवे काप घेऊन त्यांवर वेगवेगळी प्रथिनं दाखवणारे रंग चढवायचे. त्याला नवा तुकडा लागत नाही, खर्च मात्र वाढतो. तो टाळू नका, कारण काही आजारांचा उलगडा तिथेच होतो.

कोणता आजार कशावरून ओळखतात

*आतड्याचा टीबी.* याला विरळा म्हणणं भारतात चुकीचंच होईल, पण कॅन्सरचा सगळ्यात मोठा तोतया हाच आहे. सीटीवर कुजलेल्या मध्याच्या लिम्फ ग्रंथी, वर ओढलं गेलेलं सीकम, दुर्बिणीत आडव्या जखमा आणि लहान-मोठ्या आतड्यांमधली उघडी पडलेली झडप, ही सगळी त्याची लक्षणं. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी आतड्याचा टीबी असू शकतो. सीबीनॅट पॉझिटिव्ह आलं तर सोनंच, शिवाय रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देईल की नाही हेही कळतं. पण आतड्याच्या तुकड्यात जंतू फार थोडे असतात, म्हणून निगेटिव्ह आल्यानं टीबी नाही असं ठरत नाही. द्रव माध्यमातल्या कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागतात.

उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सरकारी कार्यक्रमात औषधं मोफत मिळतात, आणि पेशंट खासगी डॉक्टरकडे असला तरी निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर नोंद करणं बंधनकारक आहे. नोंद झाली की पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये पेशंटच्या खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. यकृताची तपासणी आणि डोळ्यांकडे लक्ष, दोन्ही उपचारभर हवं. रंग ओळखण्यात फरक वाटला तर लगेच सांगायचं.

*सॉलिटरी रेक्टल अल्सर.* या आजाराचं नाव फसवं आहे. जखम एकच असेल असं नाही, आणि जखमच असेल असंही नाही. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर, बाहेरून ५ ते १० सेंटिमीटर आत, कधी लाल चट्टा असतो, कधी पॉलिपसारखा उंचवटा. रक्त पडतं, आव पडते, पोट साफ झालं असं वाटत नाही. बोटानं तपासताना कडक गाठ लागते आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे गुदाशयाचा कॅन्सर येतो. पण माणूस बऱ्याचदा तरुण असतो, वर्षानुवर्षं कुंथत असतो, तासभर संडासात बसून असतो. पहिल्या पायरीतला तो लाजेचा प्रश्न इथं कामाला येतो.

मायक्रोस्कोपखाली वरच्या थरात, ग्रंथींच्या मधून, स्नायूचे धागे उभे चढलेले दिसतात. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. याच आजाराचा भाऊबंद म्हणजे कोलायटिस सिस्टिका प्रोफुंडा. त्यात ग्रंथी खालच्या थरात सरकून आवेनं भरलेल्या पिशव्या होतात, आणि घाईत बघणाऱ्याला त्या म्युसिनस, म्हणजे आव तयार करणाऱ्या, कॅन्सरसारख्या वाटतात. फरक असा की पेशी सौम्य असतात, ग्रंथींभोवती त्यांचा मूळचा नाजूक थर सोबत असतो, आणि कॅन्सर घुसला की भोवती जी घट्ट तंतुमय प्रतिक्रिया उठते ती नसते. या एका फरकावर गुदाशय काढायचा की नाही हे ठरतं. म्हणून अशा रिपोर्टवर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घेतल्याशिवाय मोठ्या ऑपरेशनला हो म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

उपचार कंटाळवाणा पण साधा आहे: कुंथणं बंद, इसबगोल आणि भरपूर पाणी, संडासात मोबाइल नाही, कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट, आणि बायोफीडबॅक म्हणजे स्नायू सैल सोडायची तालीम. बरं व्हायला महिने लागतात.

*अमीबोमा.* आमांशाच्या जंतूनं सीकममध्ये केलेला गोळा. बायोप्सीत लाल पेशी गिळलेला अमीबा सापडला तर निदान पक्कं. मेट्रोनिडाझोलनं काही आठवड्यांत गोळा वितळतो. नंतर आतड्यातल्या उरलेल्या जंतूंसाठी दुसरं औषध घ्यावंच लागतं, नाहीतर आजार उलटतो. रक्तातली अँटिबॉडी आपल्याकडे जुन्या आमांशामुळेही पॉझिटिव्ह असू शकते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, अमीबा किंवा टीबी नाही याची खात्री होईपर्यंत ‘क्रोन्स वाटतो’ म्हणून स्टेरॉइड सुरू करू देऊ नका. दोन्ही आजार स्टेरॉइडनं भडकतात, आतडं फुटूही शकतं.

*आतड्याचं एंडोमेट्रिओसिस.* गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी आतड्यावर रुजतात, सगळ्यात जास्त करून गुदाशय आणि त्याच्या वरच्या भागात. गाठ बाहेरून आत येते, त्यामुळे दुर्बिणीत वरचा थर स्वच्छ दिसतो आणि तुकडा ‘नॉर्मल’ येतो. इथं एमआरआय आणि स्त्रीरोगतज्ज्ञ हवेत. तुकड्यात या पेशी आल्याच तर आयएचसीत सीके७ आणि ईआर ही प्रथिनं पॉझिटिव्ह येतात. आतड्याच्या कॅन्सरमध्ये सहसा सीके२० आणि सीडीएक्स२.

*बॅसिडिओबोलस.* ही बुरशी माती, कुजका पाला, बेडूक-पालींची विष्ठा यांत असते. फारच विरळा आजार, पण शेतीवाडीच्या भागात लक्षात ठेवावा असा. मोठ्या आतड्यात टणक गोळा होतो आणि रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) खूप वाढलेले असतात. कॅन्सर म्हणून ऑपरेशन होतं आणि काढलेल्या भागात रुंद, पातळ भिंतीचे बुरशीचे धागे, भोवती गुलाबी वेष्टण, असं चित्र निघतं. सीबीसीत इओसिनोफिलचा आकडा मोठा दिसला तर सर्जनांना आवर्जून दाखवा. बुरशीचं औषध महिनोन्महिने घ्यावं लागतं.

*ॲक्टिनोमायकोसिस* हा जुन्या अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर किंवा वर्षानुवर्षं राहिलेल्या तांबीमुळे होऊ शकतो. थरांची पर्वा न करता पसरतो, म्हणून कॅन्सरसारखाच दिसतो. पेनिसिलिननं बरा होतो, पण कित्येक महिने. *इन्फ्लमेटरी फायब्रॉइड पॉलिप* लहान आतड्यात आढळतो, वाट अडवतो, आणि काढला की प्रश्न मिटतो.

पाचवी पायरी: चित्र आणि तुकडा जुळत नसेल तर

सीटी, दुर्बीण आणि तुकडा तिघंही एकच सांगत असतील तर पुढे जा. जुळत नसतील तर तिघांना एका टेबलवर आणा. गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि सर्जन एकत्र बसून केस बघतात त्याला मोठ्या हॉस्पिटलांत ट्युमर बोर्ड म्हणतात. ‘ही केस बोर्डात ठेवाल का’ असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), त्याचं सुपर स्पेशालिटी, मेयो (दुसरं सरकारी मेडिकल कॉलेज), मिहानमधलं एम्स, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं एनसीआय हे कॅन्सर हॉस्पिटल असे पर्याय एका शहरात आहेत. छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोलीहून लोक इथंच येतात.

दुसरं मत घ्यायचं तर माणसाला फिरवायची गरज बऱ्याचदा पडत नाही. ब्लॉक आणि काचा फिरवा. लॅबकडे लेखी मागितलं की त्या मिळतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या ब्लॉकची फेरतपासणी होते. ब्लॉक न्यायचा तर एक जपा: त्याचं मेण साधारण ५६ ते ५८ अंशांना वितळतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला ब्लॉक मऊ पडतो. काचा कापसात गुंडाळून डब्यात, आणि डबा हातातल्या पिशवीत.

इतकं करूनही कधी कॅन्सर नाही असं कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. मग तो भाग काढणंच शहाणपणाचं असतं. काढल्यावर तो साधा आजार निघाला तर ‘उगाच ऑपरेशन केलं’ म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. त्या क्षणी हातात असलेल्या पुराव्यावर तो योग्य निर्णय असू शकतो.

सहावी पायरी: औषध सुरू झालं, तपास संपला नाही

टीबीची औषधं कधी कधी पक्क्या पुराव्याशिवाय, दाट शंकेवर सुरू करावी लागतात. तेव्हा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकायची तारीख पहिल्याच दिवशी लिहून घ्या. टीबी असेल तर तोपर्यंत जखमा भरलेल्या दिसायला हव्यात. ताप गेला, भूक लागली, एवढ्यावर समाधान मानू नका. जखम तशीच असेल तर औषध न बदलता आणखी चार महिने ढकलणं धोक्याचं आहे. कॅन्सर, क्रोन्स, औषधाला दाद न देणारा टीबी, सगळं पुन्हा तपासायचं. अमीबोमालाही हाच नियम, फक्त मुदत कमी. चाळिशीपुढच्या माणसाचा अपेंडिक्सचा गोळा औषधानं विरला असेल तरी नंतर दुर्बीण करून घ्या, त्याआड सीकमचा कॅन्सर लपलेला असू शकतो.

मोठ्या आईची दुसरी दुर्बीण झाली तेव्हा दहा तुकडे निघाले, सहा फॉर्मेलिनमध्ये, चार सलाइनमध्ये. ती सलाइनची बाटली थर्मासमध्ये घालून मी स्वतः नेली. काचेवर कुजलेले ग्रॅन्युलोमा होते, सीबीनॅट पॉझिटिव्ह. औषधं सुरू झाल्यावर अडीच महिन्यांनी पुन्हा पाहिलं तर जखमा भरल्या होत्या, वाट थोडी अरुंद राहिली होती. टीबी बरा होताना व्रण आखडतो, त्यानं असं होतं. पुढे अडथळा वाढला तर फुग्यानं वाट रुंद करतात किंवा तेवढा भाग काढतात. तोवर तिला शेवग्याच्या शेंगा, संत्र्याच्या फोडीचा चोथा, कणसं बंद केली आहेत. पोट फुगून उलटी झाली तर रात्रीच निघायचं, सकाळची वाट बघायची नाही, हे चुलतभावाला लिहून दिलं आहे. फाइलच्या पहिल्याच पानावर औषधांच्या तारखा, निक्षयचा आयडी आणि दोन्ही बायोप्सींचे ब्लॉक नंबर आहेत.